पाळी लांबली, पण मोजायचं कुठून?

माझी पाळी तशी वेळेवर येणारी. तीस दिवसांचं चक्र, फार तर दोन दिवस पुढे-मागे. त्यामुळे तारीख उलटली, आणखी काही दिवस गेले आणि ओटीपोटात नेहमीची कळसुद्धा येईना, तेव्हा पहिला विचार आला तो दिवस राहिल्याचाच. आम्ही दोघांनी काही महिन्यांपूर्वी कंडोम वापरणं थांबवलं होतं. मूल झालं तर दोघांनाही हवंच होतं, पण त्यासाठी तारखा धरून बसलो नव्हतो.

सकाळच्या पहिल्या लघवीवर घरीच टेस्ट केली. ‘सी’पुढची रेघ लगेच उमटली, म्हणजे किट चालू होतं. ‘टी’पुढची जागा पांढरीच राहिली. दोन-तीन दिवसांनी पुन्हा केली, तेच. आणि पाळीचाही पत्ता नाही. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. ‘नाही’ असं उत्तर मिळालेलं असतं, पण शरीर त्या उत्तराप्रमाणे वागत नसतं. प्रत्येक वेळी बाथरूममध्ये जाताना कशाची वाट बघतोय, डागाची की डाग नसण्याची, हेच समजत नाही.

त्या आठवड्यात मी लक्षणं शोधण्यात फार वेळ घालवला. छाती जड वाटते का, मळमळतंय का, थकवा आहे का. आज मी कुणालाही सांगेन की यातून काही हाती लागत नाही. छाती दुखणं, पोट फुगणं, झोप येणं हे सगळं प्रोजेस्टेरॉनमुळे होतं आणि ते संप्रेरक पाळीच्या आधीही वाढलेलं असतं आणि गर्भ राहिल्यावरही. दोन्ही वेळी शरीराची भाषा तीच असते. मला तर त्या वेळी यातलं काहीच जाणवत नव्हतं. फक्त मधले काही दिवस पारदर्शक, तार धरणारं पांढरं जास्त जात होतं. ते पाळीच्या आधीचं असेल असं धरून मी तिकडे फार लक्ष दिलं नाही. पुढे डॉक्टरांना सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते नेमकं तेच.

नवरा म्हणाला, “लघवीत नसेल येत, पण रक्तात कळेल ना?” म्हणून बीटा एचसीजीची, म्हणजे गर्भ राहिल्यावर शरीरात तयार होणाऱ्या संप्रेरकाची, रक्ततपासणी केली. आकडा पाचच्या खाली आला, म्हणजे नाहीच. लघवीचं किट साधारण पंचवीस युनिटच्या आसपास एचसीजी असलं की दाखवतं. रक्तात त्याहून कितीतरी कमी असलं तरी सापडतं. आता शंकेला जागा उरली नाही असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर रडू आलं. नवरा काही न बोलता जवळ बसून राहिला.

पाळी मात्र अजून आली नव्हती. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने पाळी यायच्या गोळ्यांचं नाव सांगितलं. पाच दिवस घ्यायच्या, बंद केल्या की येते, तिने स्वतः घेतल्या होत्या. माझी मावसबहीण नर्स आहे. तिला फोनवर विचारलं तर ती एकदम म्हणाली, “अगं, कारण कळल्याशिवाय कशाला घेतेस? आधी दाखव कुणाला तरी. पाळी आणणं हा उपचार नसतो.”

“ताई, पण टेस्ट निगेटिव्ह आहेत सगळ्या.”

“त्या दिवसापुरत्या निगेटिव्ह आहेत.”

मला ते तेव्हा नीटसं कळलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टरबाईंनी आधी नुसते प्रश्न विचारले, आणि बरेच. मागच्या दोन महिन्यांत वजन कमी-जास्त झालं का? व्यायाम अचानक वाढवला का? झोप, रात्रपाळी? उलटीवरच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत का? (यातल्या काहींनी प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं आणि पाळी अडते.) स्तनातून पाणी किंवा दूध येतं का? थायरॉइड कधी तपासलंय? चेहऱ्यावर केस, मुरमं वाढलीत का? इमर्जन्सी गोळी घेतली होती का? आणि मग, “आजारी पडला होतात का?” पडले होते. मागची पाळी संपून आठवडा होतो न होतो तोच सणकून ताप आला होता, अंथरुणाला खिळले होते, जेवण जात नव्हतं. त्यानंतर सुटीत साठलेलं काम उपसायला रात्री जागले होते. तो ताप आणि ही पाळी यांचा काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं, कारण ताप जाऊन कितीतरी दिवस झाले होते.

थायरॉइडसाठी टीएसएच आणि शिवाय प्रोलॅक्टिन अशा रक्ततपासण्या लिहून देऊन त्यांनी तिथेच आतून सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं अस्तर बघितलं, डावं अंडाशय बघितलं, उजव्याशी थांबल्या. मग पडदा माझ्याकडे वळवला.

“हे बघा, हे कॉर्पस ल्युटियम. याचा अर्थ बीज फुटलंय, आणि अगदी एवढ्यात. दोन-तीन दिवसांतच.”

मला वाटलं त्या चुकून दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत. माझी पाळी यायची तारीख जाऊन आठवडा उलटला होता आणि या म्हणत होत्या की बीज आत्ता बाहेर पडलंय.

“तुमची पाळी चुकलेली नाही. या वेळी बीजच उशिरा तयार झालंय. पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते, ती तशी येईल. यायची असेल तर.” मग त्यांनी विचारलं, “मागच्या चार-पाच दिवसांत संबंध आले होते?”

आले होते.

“मग तुमचे आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट खरे आहेत, पण या संबंधांबद्दल ते काहीच सांगत नाहीत. गर्भ राहायचा असेल तर तो आत्ता राहतोय.”

त्यांनी ते कागदावर काढून समजावलं. पाळीच्या चक्राचे दोन भाग. पाळीच्या पहिल्या दिवसापासून बीज बाहेर पडेपर्यंत पहिला. बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंत दुसरा. दुसरा भाग एकाच बाईत जवळजवळ ठरलेला असतो, साधारण बारा ते चौदा दिवसांचा. अंडाशयातल्या ज्या छोट्या पुटिकेतून बीज बाहेर पडतं तिचंच कॉर्पस ल्युटियम होतं, ते प्रोजेस्टेरॉन तयार करून अस्तर टिकवून धरतं, आणि गर्भाकडून एचसीजीचा निरोप आला नाही तर दोन आठवड्यांत विझतं. मग पाळी येते. लांबतो किंवा आखडतो तो पहिला भाग. ताप, उपासमार, जागरण, मोठा धक्का, वजन झपाट्याने उतरणं, यांपैकी काहीही झालं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून अंडाशयाला मिळणारे इशारे मंदावतात. वाढीला लागलेलं बीज तिथेच सुकतं. शरीर सावरलं की दुसरं बीज वाढायला लागतं आणि ते तयार व्हायला पुन्हा वेळ जातो. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. आणि ते तार धरणारं पांढरं? ते बीज फुटायच्या आधीचं होतं. शुक्रजंतूंना वाट मिळावी म्हणून गर्भाशयाचं तोंड त्या दिवसांत तसा स्राव तयार करतं.

घरी येऊन मी याबद्दल बरंच वाचलं. जपानमधले डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी 1924 मध्ये आणि ऑस्ट्रियातले हर्मान क्नाउस यांनी 1928 मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हीच गोष्ट मांडली होती. बीज बाहेर पडायचा दिवस मागच्या पाळीवरून धरायचा नसतो, तो पुढच्या पाळीपासून उलटा मोजायचा असतो. अडचण एवढीच की पुढची पाळी कधी येणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. माझ्या फोनमधलं अ‍ॅपही मागच्या महिन्यांची सरासरी काढून गर्भ राहायचे दिवस रंगवून देत होतं. या महिन्यात त्याने रंगवलेल्या दिवसांत मी तापाने फणफणले होते. अ‍ॅपला ते कळायला काही मार्गच नव्हता. ज्या बायका मूल नको म्हणून फक्त अशा रंगीत दिवसांवर विसंबतात त्यांची मला मनापासून काळजी वाटते.

आता टेस्टचा हिशोब. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस जगतं, शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे गर्भ राहण्याचे दिवस बीज फुटायच्या आधीचे पाच आणि तो एक. फळलेलं बीज गर्भाशयात रुजायला सहा ते बारा दिवस घेतं. रुजल्यावरच एचसीजी रक्तात उतरायला लागतं, मग ते दर दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतं आणि किटला कळेल एवढं व्हायला आणखी काही दिवस जातात. हे सगळं जोडलं की एक साधा आकडा मिळतो. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर 21 दिवसांनी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर त्या संबंधातून दिवस राहिलेले नाहीत असं धरता येतं. पाळीची तारीख कुठली होती, चक्र किती दिवसांचं आहे, याच्याशी या आकड्याला देणंघेणं नाही. ज्यांची पाळी कायमच अनियमित असते, पीसीओएस (बीज वेळेवर तयार न होणारा संप्रेरकांचा आजार) असतो, बाळ अंगावर पितं किंवा पाळी जायचं वय जवळ आलंय, त्यांच्यासाठी तर हाच एक भरवशाचा हिशोब आहे, कारण त्यांना ‘तारीख उलटली’ म्हणायलाच तारीख नसते. मूल नको असलेल्या मुलीला ते एकवीस दिवस किती मोठे वाटत असतील याची मला कल्पना आहे. पण रोज एक किट वापरून रोज अर्धवट उत्तर मिळवण्यापेक्षा हा एक दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवलेला बरा. इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर तीही बीज बाहेर पडणं पुढे ढकलूनच काम करते, त्यामुळे त्या महिन्यात पाळी काही दिवस मागे-पुढे होऊ शकते. आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट करायचीच.

गोळ्यांबद्दलही मी डॉक्टरांना विचारलं होतं. पाळी यायच्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असतं. ते काही दिवस घेऊन थांबवलं की अस्तर गळतं, बहुधा दोन ते सात दिवसांत. ते माझं कॉर्पस ल्युटियम आपसूक करतच होतं. आणि गर्भ राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. पुष्कळ जणी तसं समजून घेतात आणि उगाच वेळ दवडतात. एरवी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा आधीपासून अनियमित असलेली सहा महिने आली नाही, तर मात्र टेस्ट निगेटिव्ह असली तरी तपासून घ्यायलाच हवं.

नंतरचे दोन आठवडे पहिल्यांपेक्षा सोपे गेले असं नाही, पण ते वेगळे होते. आता मी कुठून मोजतेय हे मला माहीत होतं. फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं, कारण ते गर्भ राहायच्या आधीपासूनच घ्यायचं असतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन व्यवस्थित आलं. दुसऱ्या आठवड्यात छाती दुखायला लागली आणि मी मनाशी म्हटलं, आली आता पाळी.

पाळी आली नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी टेस्ट केली आणि ‘टी’पुढे रेघ आली. फिकी, इतकी की मी ती खिडकीपाशी नेऊन बघितली, मग नवऱ्याला उठवलं. रेघ फिकी असली तरी ती होच असते, फक्त किटवर लिहिलेल्या वेळेत उमटलेली हवी. तासाभराने कचऱ्यातून काढून बघितलेल्या पट्टीवर लघवी वाळल्याचाही करडा ओरखडा दिसू शकतो, त्यावर जाऊ नये. आमची रेघ वेळेत आली होती आणि गुलाबी होती. नवरा खूप वेळ त्या पट्टीकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे तू रडलीस तेव्हा ते अजून झालंच नव्हतं.”

डॉक्टरांनी दोन दिवसांच्या अंतराने बीटा एचसीजी करायला लावलं. आकडा नीट वाढत होता. इतक्या लवकर सोनोग्राफीत काही दिसत नाही, त्यामुळे गर्भ गर्भाशयातच आहे हे अजून पक्कं नव्हतं. म्हणून त्यांनी बजावून सांगितलं की ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर, घाम, अंगावर जाणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, थेट या. नळीत गर्भ राहिलेल्या बाईला कधी कधी थोडं अंगावर जातं आणि तिला वाटतं उशिरा का होईना पाळी आली. हे मी मुद्दाम लिहितेय. लांबलेल्या पाळीनंतर नेहमीपेक्षा वेगळा, थोडासाच रक्तस्राव आणि दुखणं असेल तर ‘आली एकदाची’ म्हणून सोडून देऊ नका, टेस्ट करा.

गर्भाची सोनोग्राफी करायची वेळ आली तेव्हा आमच्या डॉक्टर बाहेरगावी होत्या, म्हणून दुसरीकडे केली. तिथे शेवटच्या पाळीची तारीख विचारली, यंत्रात भरली, आणि यंत्राने आठ आठवडे दाखवले. गर्भारपण नेहमी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. अठ्ठावीस दिवसांचं चक्र आणि चौदाव्या दिवशी बीज असं गृहीत धरून. आठ आठवड्यांना बाळाचे ठोके दिसायला हवेत. पडद्यावर फक्त एक छोटी पिशवी होती. तपासणारे गंभीर झाले. वाढ तारखेप्रमाणे नाही, बाळ धरलेलं दिसत नाही, बहुतेक पुढे जाणार नाही असं म्हणाले. मी त्यांना बीज उशिरा फुटल्याचं सांगितलं, पहिल्या सोनोग्राफीचा कागदही पुढे केला. त्यांनी मान हलवली, पण रिपोर्टवर आठ आठवडेच लिहिले.

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर नवऱ्याने बोटांवर मोजलं. बीज फुटलं त्या दिवसापासून आजपर्यंत किती झाले, त्यात नेहमीचे दोन आठवडे मिळवले. पाच आठवडे आणि वर काही. पाच आठवड्यांना पिशवीच दिसते. त्याला हिशोब पटला होता. मलाही पटला होता, तरी मला रात्रभर झोप लागली नाही. हिशोब कळला म्हणून भीती जातेच असं नाही.

आमच्या डॉक्टर आल्यावर त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. एकाच सोनोग्राफीवरून गर्भ पुढे जाणार नाही हे पक्कं म्हणायला मोजमापं ठरलेली आहेत. 2013 पासून ती मुद्दाम कडक केलीत, म्हणजे घाईने कुणाचा चांगला गर्भ काढला जाऊ नये. पिशवी सरासरी 25 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असून आत बाळ नाही, किंवा बाळ 7 मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, तरच. माझी पिशवी त्याच्या जवळपासही नव्हती. “हा गर्भ टिकेलच याची हमी मी देत नाही, ती कुणीच देऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “पण आज जे दिसतंय ते पाच आठवड्यांना दिसायला हवं तेच आहे. दोन आठवडे थांबू.”

थांबलो. पुढच्या वेळी पडद्यावर बाळ होतं आणि त्याच्या मधोमध काहीतरी वेगाने लुकलुकत होतं. मोजायच्या आधीच मला कळलं ते काय आहे. मग त्यांनी डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वय ठरवायला या मापाइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. सात आठवडे, आमच्या मोजणीशी जुळणारे.

प्रसूतीची तारीख पाळीवरून काढली होती ती त्यांनी खोडली आणि तीन आठवडे पुढची लिहिली. बाजूला शेरा मारला, ‘बीज उशिरा, तारीख सोनोग्राफीप्रमाणे’. जुनी तारीख तशीच राहिली असती तर शेवटच्या महिन्यात दिवस भरून गेले म्हणून मला कळा आणायला दाखल करून घेतलं असतं, तेही बाळाचे दिवस पुरे व्हायच्या आधी. बीज उशिरा फुटल्याचं दाखवणाऱ्या त्या पहिल्या सोनोग्राफीचा कागद त्यांनी फाइलमध्ये सगळ्यात वर लावला आणि सांगितलं, “कुणीही शेवटच्या पाळीची तारीख विचारली की तारीख सांगा, आणि लगेच हा कागद दाखवा.”